आठ कोरडे, दोन ओले

आमच्या गल्लीत पांजणीच्या दिवशी ‘पाऊस’ हा शब्द कुणी तोंडातून काढायचा नाही, असा दंडक होता. नाव घेतलं की तो येतो म्हणे. म्हणायचंच झालं तर ‘पाहुणा’ म्हणायचं. मी तो दंडक भर गल्लीत मोडला आणि त्याचं मला आजही तिळमात्र वाईट वाटत नाही. का मोडला ते सांगण्याआधी पांजणी म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण ती डोळ्यांनी पाहिलेली माणसं आता सोलापुरातही फार उरली नाहीत.

लुगड्याचा उभा ताणा मागावर चढवण्याआधी त्याला खळ पाजावी लागते. खळ म्हणजे आंबवलेल्या पिठाची पातळ पेज. ताणा चाळीस-पन्नास हात लांब, तो घरात कुठला मावायला? म्हणून तो गल्लीत, बांबू फुलीसारखे बांधून केलेल्या कैच्यांवर ताणायचा, खळ लावायची आणि दोघांनी दोन बाजूंना कुंचे घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहायचं. हीच पांजणी; असं केलं म्हणजे धागा धाग्याला चिकटत नाही. गिरणीच्या पहिल्या भोंग्याला सुरू केलं तर दुपारच्या भोंग्यापर्यंत ताणा कुरकुरीत वाळतो. मध्येच सर आली तर खळ वाहून जाते, रंग उतरतो आणि धागे असे एकमेकांत गुंततात की सोडवणाऱ्यानं हात टेकावेत. तो ताणा गेलाच म्हणून समजा.

त्यात गोम अशी की खळीचं पीठ आंबायला दोन दिवस लागतात. आंबलं की त्याच दिवशी वापरायचं, नाहीतर गटारात ओतायचं. म्हणजे आज आभाळ कसं आहे याला काडीची किंमत नाही. परवा सकाळी कसं असेल ते आज ठरवायचं आणि आज पीठ भिजत घालायचं. सगळी मेख तिथं होती.

हे ठरवण्यात माझ्या वडिलांचा, आबांचा, हात धरणारा गल्लीत कुणी नव्हता. आमची गल्ली बहुतेक तेलुगू बोलणाऱ्या विणकरांची, आम्ही त्यातले दोन-चार मराठी साळी. पण आभाळाचं काही विचारायचं झालं की सगळे आमच्या दारात. आबा ओट्यावर उभे राहायचे, कुंभारी गावाच्या बाजूला बघायचे, वारा नाकानं ओढायचे आणि म्हणायचे, ‘भिजवा पीठ’, नाहीतर ‘ऱ्हाऊ द्या’. एवढंच. कारण विचारलं तर चिडायचे. आमचा ताणा वाळून घरात आला की ते दाराच्या चौकटीवर गेरूची एक उभी रेघ ओढायचे. भिजला तर फुली. मी लहानपणापासून ती चौकट बघत आले होते. रेघाच रेघा, आणि फुल्या अगदी मोजक्या.

मी सांगते आहे ते एकोणीसशे तीस सालाच्या पुढचं. मी एकोणीस वर्षांची होते. लग्न होऊन दोन वर्षं झाली नाहीत तोच नवरा कॉलऱ्यानं गेला आणि मी मैंदर्गीहून माहेरी परत आले. घरात आई, आबा, मी आणि विणणाऱ्यानं खड्ड्यात उतरून चालवायचा एक माग. आबा विणायचे, मी सुताच्या कांड्या भरायची, तुटलेले धागे जोडायची. आबांच्या हाताचं लुगडं व्यापारी न उलगडता घ्यायचा, असा तो हात. पण त्या वर्षी मला धागे फार जोडावे लागत होते आणि मी आपली मनातल्या मनात सुताला शिव्या घालत होते.

श्रावणातली गोष्ट. आमचा तांबड्या काठाचा ताणा गल्लीत ताणलेला होता. आदल्या दिवशी आबांनी नेहमीसारखं बघून ‘भिजवलंय त्ये बरं केलं, मोकळं हाय’ असं म्हटलं होतं. अर्धा ताणा वाळत आला होता. मी कुंचा घेऊन फिरता फिरता वर पाहिलं तर कुंभारीकडून काळंभोर आभाळ चढत होतं. इतकं काळं की पोरासोरांनाही कळावं. मी म्हटलं, ‘आबा, तिकडं बघा की.’

आबांनी मान वर केली, थेट त्या ढगाकडे तोंड केलं आणि म्हणाले, ‘बघितलं. मोकळं हाय.’

ते खोटं बोलत नव्हते आणि चेष्टाही करत नव्हते. त्यांना ढग दिसतच नव्हता. वर्षभर त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता आणि त्यांनी आम्हाला ताकास तूर लागू दिली नव्हती. सूत वाईट नव्हतं, त्यांना दिसत नव्हतं. मी काही बोलायच्या आत सर आली. लोक धावले, पण आमच्यातल्या कुणीच आधी काही ठरवून ठेवलेलं नव्हतं. पाहुण्याचं नावच घ्यायचं नाही, तर तो आल्यावर काय करायचं हे कोण बोलणार? एकानं हे टोक ओढलं, दुसऱ्यानं ते. ताणा चिखलात बसला आणि त्याचा तांबडा रंग गटारातून वाहत गेला. आई दारात उभी राहून मुकाट रडत होती. आबा विचारत होते, ‘कुनी पानी सांडलं का?’

मला तेव्हा त्यांची दया आली नाही, राग आला. खरं ते सांगते. मग रात्रभर त्या रागाचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी थोरले काका आले. आबांचे थोरले भाऊ. ते आपला माग मोडून गिरणीच्या साळखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, जॉबर झाले होते आणि गिरणीच्या चाळीत राहत होते. माणूस वाईट नव्हता, पण त्यांनी एकदा माग मोडल्यामुळे दुसऱ्या कुणाचा उभा राहिलेला त्यांना बघवत नसे. ते चहा न घेताच बोलले.

‘डोळे गेलेल्या मानसानं माग चालवायचा म्हंजे पोरखेळ हाय. आजून एक ताना भिजला की मी सवता येऊन माग उपटनार. तुमी दोगं चाळीत माज्याकडं या. ही मैंदर्गीला जाईल, दिराच्या घरी. तितं तिचं नाव हाय.’

आबा थोरल्या भावापुढे कधीच बोलत नसत. आईनं पदर तोंडाला लावला.

मैंदर्गीला मला कुणी मारत नव्हतं की उपाशी ठेवत नव्हतं. उगीच त्यांची बदनामी कशाला करू? पण तिथं मी म्हणजे कोपऱ्यातलं जातं होते. दळून झालं की त्याच्याकडे कुणी बघत नाही. नवरा असताना निदान कुणीतरी हाक मारत होतं. मी काकांना म्हटलं, ‘आजून एक भिजला तर ना? मग भिजेपरेंत मागाला हात लावायचा न्हाय.’ काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की खुंटीवरचं धोतरच बोललं म्हणावं. पण ‘बरं’ म्हणाले.

मी मनाशी खूणगाठ बांधली की मैंदर्गीला जायचं नाही. पण नुसतं ठरवून आभाळ थांबत नाही. आता आभाळ बघणार कोण?

आबांचं उत्तर तयार होतं. ते चौकटीकडे हात करून म्हणाले, ‘बघायचं कशाला? हितं मांडलंय की. श्रावणात इतक्या रेगा, फुल्या किती? दोन. भादव्यात तीन. म्हंजे भिजवायचं बिनघोर.’ गेलं वर्षभर ते आभाळाकडे तोंड करायचे, पण हुकूम चौकटीवरून सोडायचे, हे मला तेव्हा कळलं.

मी दाराशी बसले आणि चौकट नीट मोजली. आबांनी प्रत्येक पावसाळ्याच्या रेघा वेगळ्या ठेवल्या होत्या. एका श्रावणात तीन रेघा, दुसऱ्यात चार. आणि श्रावणाचे दिवस तीस. मग उरलेले सव्वीस-सत्तावीस गेले कुठं? मी पुन्हा पहिल्यापासून मोजलं आणि मग एकदम लख्ख कळलं. उरलेल्या दिवशी आबांनी आभाळ बघून ‘ऱ्हाऊ द्या’ म्हटलं होतं. त्या दिवसांची रेघ नाही आणि फुलीही नाही. चौकटीवर आभाळाचा हिशेब नव्हताच, तो आबांच्या डोळ्यांचा हिशेब होता. डोळे होते तोवर तो खरा होता. ते गेले आणि आम्ही त्यांच्या पश्चात त्यांचाच हवाला देत बसलो होतो.

हे मी आबांना सांगितलं तेव्हा ते इतके चिडले की दोन दिवस माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. तीस वर्षांची मांडणी पोरीनं एका सकाळी खोटी ठरवली म्हटल्यावर कुणीही चिडेल. पण मीही त्यांचीच मुलगी. मी माझी मांडणी सुरू केली. ती रोज करायची, ताणा असो वा नसो.

पहिला प्रश्न असा की ओला दिवस कशाला म्हणायचं? चार थेंब पडले तर तो ओला का? मी एक युक्ती केली. रोज सकाळी पहिल्या भोंग्याला एक दोरा खळीत बुडवून परसातल्या वळणीवर ताणायचा. दुपारच्या भोंग्याला तो बोटात धरून मोडायचा. कटकन मोडला तर दिवस कोरडा. चिकट लागला तर दिवस ओला, मग थेंब चार पडोत की चारशे. ताण्याचं जे व्हायचं तेच दोऱ्याचं. यात कुणाला वाद घालायला जागा नव्हती.

मग घरातली एक लांब सुतळी घेतली. कोरड्या दिवसाला नुसती गाठ, ओल्या दिवसाला गाठीत तांबड्या सुताचा तुकडा. त्या वर्षीचा उरलेला पावसाळा गेला, पुढच्या वर्षीचा ज्येष्ठ आला, आषाढ आला, श्रावण आला. एकही दिवस मी चुकवला नाही. ताप आला होता तेव्हा आईला बळंच परसात पाठवून दोरा मोडायला लावला आणि तिनं तो चुलीशी आणून वाळवून मोडला म्हणून तिच्याशी भांडले. आई म्हणाली, ‘तुला येड लागलंय बाय.’ लागलं होतं खरं.

यादरम्यान आम्ही ताणे घातले नाहीत असं नाही, पण ते हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात. पावसाळ्यात मी आबांना पीठ भिजवू दिलं नाही. पावसाचे महिने बाहेरचं सूत आणून कांड्या भरून देण्याच्या कामावर आम्ही काढले. आबा रिकाम्या मागाशी बसून राहायचे. ते बघणं फार कठीण होतं.

पुढच्या श्रावणाच्या अखेरीला मी सुतळी मांडीवर घेतली आणि चिंचोके मांडले. जे दिसलं ते सगळ्या गल्लीच्या समजुतीच्या उलट होतं. गल्लीचा समज असा की चार दिवस उघडलं म्हणजे आता पाहुणा आलाच, आणि झड लागून आठ दिवस झाले म्हणजे आता उघडणारच. जणू आभाळही आमच्यासारखं पाळी धरून चालतं. पण सुतळीवर दिवस पाळीनं आले नव्हते, घोळक्यानं आले होते. तांबडे सगळे एकत्र आणि कोरड्या गाठी सगळ्या एकत्र. झडीनंतर पहिलंच ऊन पडलं तर परवाचा दिवस कोरडा निघण्याची खात्री निम्मीच. पण तीन दिवस ओळीनं कोरडे गेले असतील तर परवाचा दिवस दहात आठ वेळा कोरडा. उघडीप जितकी जुनी, तितकी टिकाऊ. तिला थकवा नाही.

मी सुतळी आबांच्या हातात दिली. त्यांनी ती टोकापासून बोटांनी चाचपली. तांबडा तुकडा लागला की अंगठा थांबायचा. शेवटच्या गाठीशी येऊन म्हणाले, ‘आन दोन?’

‘कसले दोन?’

‘धातले आठ कोरडे म्हनतीस. मंग दोन?’

‘दोन ओले.’

‘कुटले दोन?’

‘त्ये सुतळीला ठावं न्हाय, आबा. मलाबी न्हाय.’

‘मला ठावं असायचं,’ ते म्हणाले आणि सुतळी परत दिली. त्यांना खरंच ठाऊक असायचं की नाही हे मी आजही सांगू शकत नाही.

भाद्रपदात झड लागली. बारा दिवस गल्लीत चिखल, घराघरांत ताणे गुंडाळून पडलेले. व्यापाऱ्याचा निरोप आला की दसऱ्याआधी लुगडी हवीत, नाहीतर पुढचं सूत दुसऱ्याला. आता ताणा घालण्यावाचून गत्यंतर नव्हतं. तेराव्या दिवशी ऊन पडलं, आणि गल्लीत पांजणीची पाळी आमची होती. सगळ्या गल्लीनं सुटकेचा श्वास टाकला. आई पिठाचं भांडं घेऊनच उभी राहिली.

मी म्हटलं, ‘न्हाय भिजवायचं.’

आईचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. ‘ऊन बघ की कसं पडलंय.’

‘पयलं ऊन हाय. पयल्यावर भरवसा न्हाय.’

आमची पाळी मी समोरच्या घराला दिली. समोर एक तेलुगू बाई राहायच्या, सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायची. घरात तेलुगू आणि आमच्याशी त्यांची स्वतःची मराठी. त्यांनी लगेच पीठ भिजवलं. तिसऱ्या दिवशी त्यांचा ताणा लखलखीत वाळला. एक थेंब पडला नाही. मग काय विचारता, गल्लीला बोलायला विषय मिळाला. कुणी मला ‘पंचांगवाली’ म्हणायला लागलं. आई मला ऐकू जाईल अशा बेतानं भांडी आपटत होती. अक्का मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘माझं नशीब चांगलं, तुझं डोकं चांगलं. कुनाचं चांगलं ते बघू.’

अक्कांचा ताणा वाळला म्हणून माझी सुतळी खोटी पडत नव्हती. निम्मी खात्री म्हणजे निम्म्या वेळा वाळणारच. पण हे चिडवणाऱ्या माणसाला समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

अक्कांचा ताणा वाळला तो उघडिपीचा तिसरा कोरडा दिवस. त्या दुपारी मी दोरा कटकन मोडला आणि पीठ भिजत घातलं. तेव्हा सगळी गल्ली उलटी फिरली. आता उघडीप संपत आली, आता कसलं भिजवतेस, असं जो तो दारावरून जाता जाता सांगू लागला. आबासुद्धा म्हणाले, ‘लई दिस झाले की ग उगडून.’

आणि मग मी ते केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बायका पाण्याला जमल्या होत्या. मी पदर खोचला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, ‘उद्या आमचा ताना हाय. पाऊस यायचा संभव हाय. धात दोन.’

घागरी जिथल्या तिथं थांबल्या. एका म्हातारीनं कानांवर हात ठेवले. अक्का पुढं आल्या.

‘भिजनार असंल तर ताना घालती कशाला?’

‘आठ येळा वाळंल म्हनून.’

‘मग आमाला कशाला सांगती?’

‘दोन येळा भिजंल म्हनून. अकरा कैच्या हायत. हरएक कैचीपाशी एक बाई पायजे, दुपारच्या भोंग्यापरेंत. मी हाक मारली की समद्यांनी एकदम उचलायचं. वढायचं न्हाय, उचलायचं. आन गल्लीच्या तोंडाशी सरकी साठवायची पडवी हाय तितं न्यायचं. पडवी मी आज झाडून घेतली.’

पन्नास वर्षांत कुणी पाहुण्यासाठी आधी जागा झाडून ठेवली नव्हती. तसं करणं म्हणजे त्याला बोलावणं पाठवणं. म्हातारी माझ्या नावानं बोटं मोडत निघून गेली. मी तिथंच उभी राहिले. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ देत नव्हते. शेवटी मी म्हटलं, ‘माग गेला तर मला मैंदर्गीला जावं लागंल. मला जायचं न्हाय.’ हे मी आजवर कुणालाच बोलून दाखवलं नव्हतं. आईलाही नाही.

अक्का म्हणाल्या, ‘तिसरी कैची माझी.’

मग चौथी कुणीतरी घेतली, मग दुसरी. आठ बाया झाल्या. पहिल्या कैचीला मी, दहाव्या कैचीला आई. अकराव्या कैचीला कुणी नव्हतं. मी घरी आले तेव्हा ही बातमी माझ्याआधी पोचली होती. आबा भिंतीकडे तोंड करून पडले होते.

सकाळी पहिल्या भोंग्याला ताणा घातला. ऊन स्वच्छ होतं. बायका आपापल्या कैचीपाशी धुणं, निवडणं, लेकरू घेऊन बसल्या होत्या, आणि अकराव्या कैचीपाशी आबा. काठी टेकत येऊन उभे राहिले होते. मी आणि शेजारच्या घरातले एक विणकर कुंचे घेऊन फिरत होतो. आठ वाजले, नऊ वाजले. ताणा टोकाकडून वाळत आला. माझ्या मनात पहिल्यांदा आलं की आपण आठातले आहोत.

दहाच्या सुमाराला वारा पडला. कुंभारीच्या अंगानं आभाळ भरत आलं, अगदी त्या दिवशीसारखं. आम्ही दोनांतले निघालो होतो. मला कुणाचा राग आला नाही की नवलही वाटलं नाही. हे होऊ शकतं असं मी स्वतःच कालच बोलले होते. मी कुंचा टाकला आणि हाक मारली, ‘उचला!’

अकराही कैच्या एकदम उठल्या. कुणी ओढलं नाही. पन्नास हातांचा ताणा खांद्याच्या उंचीवर तरंगत गल्लीतून निघाला, एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला आंधळे आबा, त्यांच्या पुढे आई ‘डावीकडं, आता उजवीकडं’ म्हणत. माझं टोक पडवीत शिरलं तेव्हा पहिला थेंब पडला. पडवी लांबीला ताण्याच्या निम्मी. म्हणून मधल्या खांबाभोवती वळसा घालून तो दुहेरी घेतला आणि मध्ये काठ्या घातल्या. आबांचं टोक सगळ्यात शेवटी आत आलं. त्या टोकाचा तीन-चार हात तुकडा भिजला आणि आबा नखशिखांत भिजले. मग शेगड्या आल्या. आम्ही सांगितल्या नव्हत्या, बायकांनी आपणहून पेटवून आणल्या. बोटं मोडणारी म्हातारीही एक घेऊन आली आणि माझ्याकडे न बघता ठेवून गेली. बाहेर धो धो पाऊस, आत आम्ही आळीपाळीनं कुंचे फिरवत होतो. चार वाजेपर्यंत ताणा वाळला.

गिरणी सुटल्यावर थोरले काका तडक पडवीतच आले. त्यांना वाटेतच कळलं होतं.

‘भिजला न्हवं?’ ते म्हणाले. ‘आपलं काय ठरलं हुतं?’

‘बघा तुमीच,’ मी म्हटलं.

काका शेवटी साळ्याचेच. त्यांनी ताण्यावरून अंगठा फिरवला. कडक वाळलेल्या सुताचा आवाज झाला, आणि तो आवाज ओळखायला त्यांना कुणाची गरज नव्हती. ते या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. भिजलेल्या तुकड्यापाशी थांबले, मग पुन्हा मागे आले.

‘आज वाचला,’ ते म्हणाले. ‘फुडल्या खेपेला?’

‘फुडल्या खेपेलाबी आठ कोरडे, दोन ओले. त्ये बदलनार न्हाय. कवातरी एखादा जाईल, काका. समदं करूनबी जाईल. त्या दिशी तुमी माग उपटायला यायचं न्हाय. ह्ये आजच कबूल करा.’

काकांनी पुन्हा एकदा ताण्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, ‘ताना वाळवून काय उपेग? विननार कोन? ह्याचं मागलं लुगडं व्यापाऱ्यानं परत धाडलं, म्हाईत हाय का तुला?’

मला माहीत नव्हतं. आईला होतं, तिनं मान खाली घातली. म्हणजे काकांचं म्हणणं खरंच होतं. आभाळाची तजवीज मी केली, पण मागावरच्या डोळ्यांची कुणी केली नव्हती. आणि आमच्या घरात बाईनं मागाच्या खड्ड्यात उतरायची चाल नव्हती. ती कांड्या भरायची, रंग लावायची, धागे जोडायची. खड्ड्यात उतरायची नाही.

आबा कुडकुडत कोपऱ्यात बसले होते. ते उठले, काठीनं वाट काढत घराकडे निघाले. आम्ही मागोमाग गेलो. ते मागापाशी गेले, बसायच्या जागेवरची आपली घोंगडी उचलली, झटकली आणि पुन्हा घातली. मग थोरल्या भावासमोर, आयुष्यात पहिल्यांदा, आवाज चढवून मला म्हणाले, ‘उतर.’

मी काकांकडे पाहिलं.

‘त्येच्याकडं काय बघतीस? माग माजा हाय. उतर म्हनतो न्हवं.’

मी उतरले. खड्ड्यात गार होतं. पायानं दाबायच्या, दोरीला टांगलेल्या पावड्या आबांच्या पायांच्या मापाच्या, माझे पाय अधांतरी राहिले. मी ते आबांना सांगितलं. ते म्हणाले, ‘दोरी आखूड करून घे.’ मी खाली वाकणार तेवढ्यात थोरले काका पुढं आले, अंगातला कोट काढून आईच्या हातात दिला आणि मागाच्या कडेला पालथे पडून त्यांनी खड्ड्यात हात घातला. ‘पाय वर घे,’ ते म्हणाले, आणि माझ्या पायांच्या मापानं दोन्ही दोऱ्या त्यांनीच बांधल्या.